जुने लष्करी ट्रक आणि ट्रेलर: ठाणे–नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, पनवेल आणि तळोजा या पट्ट्यातून लष्करातून निवृत्त झालेल्या गाड्यांविषयी जे प्रश्न सातत्याने येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. शुल्क आणि कराचे दर बदलत असल्यामुळे ते बहुतेक ठिकाणी दिलेले नाहीत. ते अर्ज करण्याच्या दिवशी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर पाहावेत.

१. सामान्य नागरिकाला लष्करी ट्रक स्वतःच्या नावावर ठेवता येतो का?

होय. लष्कराने सेवेतून काढून रीतसर विकलेला ट्रक विकत घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. संरक्षण कामासाठी वापरल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या वाहनांची नोंदणी मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ६० खाली स्वतंत्रपणे होते आणि वाहन सरकारच्या मालकीचे आहे तोवर त्याला आरटीओच्या नोंदणीची गरज नसते. मात्र वाहन सरकारच्या मालकीतून बाहेर पडताच कलम ३९ आणि ४० लागू होतात, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजेच वर बाण असलेला लष्करी क्रमांक त्या क्षणी निरुपयोगी होतो आणि नागरी नोंदणी झाल्याशिवाय ट्रक सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. नोंदणी नसलेले वाहन चालवल्यास कलम १९२ खाली पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत आणि पुढे १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

२. बाजारात प्रामुख्याने कोणत्या गाड्या आढळतात आणि पहिल्यांदा घेणाऱ्याने कोणती घ्यावी?

सर्वांत जुने आणि सर्वांत प्रिय नाव शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने हा ट्रक जबलपूरला १९५९ पासून तयार होऊ लागला आणि तीन टनी, चारही चाकांना ताकद देणारा ट्रक म्हणून त्याने कित्येक दशके लष्कराची ने-आण केली. त्याच्या जोडीला निसानच्या परवान्याने बनलेला एक टनी ट्रक आणि जोंगा ही जीपगाडी आढळते. या दोन्हींत सहा सिलिंडरचे ३,९५६ सीसीचे पेट्रोल इंजिन असे. नंतरच्या पिढीत अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचा एलपीटीए ७१३ येतात.

आमचे मत असे की ज्याने कधीच अवजड गाडी सांभाळलेली नाही त्याने सुरुवात जोंगापासून करावी, कारण ती सोसायटीच्या फाटकातून आत येते आणि तिचे काम साध्या गॅरेजमध्ये होऊ शकते. ट्रकच हवा असेल, तर सुट्या भागांच्या दृष्टीने लेलँड आणि टाटा सोयीचे पडतात. त्यांचे पुष्कळसे भाग कळंबोलीच्या ट्रक बाजारात विचारपूस केल्यावर मिळतात. शक्तिमानच्या बाबतीत अनेक बुश, पिना आणि पाइप लेथवर करूनच घ्यावे लागतात. त्या ट्रकवर जीव असलेल्यांनी तो जरूर घ्यावा, पण गाडीच्या किमतीइतकीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवूनच घ्यावा.

३. लष्कराचा लिलाव नेमका कसा होतो? आम्हाला थेट बोली लावता येते का?

सरकारी मालाचे लिलाव मुख्यतः एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या ऑनलाइन व्यासपीठावर होतात. तेथे खरेदीदार म्हणून नोंद करावी लागते, लिलावाच्या अटींप्रमाणे अनामत रक्कम भरावी लागते आणि माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर विकला जातो. बोली मंजूर झाल्यावर इंजिनात पिस्टन नाहीत हे कळले तरी तक्रारीला जागा उरत नाही. म्हणून पाहणीच्या दिवशी स्वतः किंवा जाणत्या मिस्त्रीला पाठवून गाडी पाहणे अत्यावश्यक आहे.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अटींच्या कागदात दडलेली असते. लिलावातील गाड्यांचे काही गट (लॉट) पुन्हा वापरासाठी विकले जातात, तर काही केवळ नोंदणीकृत मोडीत काढण्याच्या केंद्रांसाठी राखून ठेवलेले असतात. दुसऱ्या प्रकारातील गाडी मध्यस्थाकडून कितीही स्वस्तात मिळाली, तरी तिला नागरी क्रमांक मिळण्याचा मार्ग नसतो. ‘कागद नंतर करून देतो’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला एक रुपयाही विसार देऊ नये.

४. नागरी नोंदणीसाठी कोणती कागदपत्रे लागतात?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ४७ मध्ये माजी लष्करी वाहनांचा स्वतंत्र उल्लेख आहे: संबंधित प्राधिकाऱ्याने नमुना २१ मध्ये दिलेले मूळ विक्री प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यासोबत नमुना २० मधील अर्ज, विम्याचे प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि कर व शुल्क भरल्याच्या पावत्या लागतात. लिलावाची पावती, गाडी बाहेर काढण्याचा आदेश आणि गेटपास यांच्या मूळ प्रतीही जपून ठेवाव्यात. मधल्या काळात गाडी दोन-तीन हातांतून फिरली असेल, तर पहिल्या खरेदीदारापासून तुमच्यापर्यंतची कागदांची साखळी अखंड असली पाहिजे.

या भागातील कार्यालये म्हणजे ठाणे (एमएच-०४), कल्याण (एमएच-०५), वाशी (एमएच-४३) आणि पनवेल (एमएच-४६). निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहतो आणि चेसिस व इंजिन क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला छाप प्रमाणपत्राशी ताडून पाहतो. येथे एक काळजी घ्यावी. लष्करी गाडीच्या चेसिसवर वर्षानुवर्षे रंगाचे थरावर थर चढलेले असतात आणि क्रमांक त्याखाली पार बुजून जातो. तो उघडा करण्यासाठी ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर कधीही वापरू नये. थिनरमध्ये भिजवलेले फडके त्या जागेवर काही वेळ दाबून धरावे, मऊ झालेला रंग लाकडी चमच्याने खरवडावा आणि असे पुन्हा पुन्हा करत अक्षरांच्या खोबणीपर्यंत पोहोचावे. घासलेल्या पत्र्यावरचा क्रमांक खरा असला तरी संशयास्पद दिसतो आणि मग तो खरा असल्याचे सिद्ध करण्यात महिने जातात.

५. पंजाबात नागरी नोंदणी झालेली जोंगा मिळते आहे. ती ठाण्यात आणताना काय करावे?

या गाडीची पहिली नोंदणी आधीच झालेली असल्यामुळे प्रश्न ४ मधील नियम ४७ ची प्रक्रिया लागत नाही. मूळ कार्यालयाचे नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे, मालकी हस्तांतरणाचे नमुना २९ व ३० भरावेत आणि महाराष्ट्राचा कर भरून येथील क्रमांकासाठी अर्ज करावा. दुसऱ्या राज्याचे वाहन १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ येथे राहिल्यास नवा क्रमांक घेणे कलम ४७ नुसार बंधनकारक आहे. गाडी मुळात लष्करी होती याचा उल्लेख जुन्या नोंदींत आहे का, हे मूळ कार्यालयातच तपासून घ्यावे. ना हरकत मिळाल्यावर ते शोधणे फार अवघड होते.

६. मूळचा ऑलिव्ह हिरवा रंग तसाच ठेवता येईल का?

नाही. नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणतेही वाहन ऑलिव्ह हिरव्या रंगात रंगवता येत नाही. वाळूचा रंग, राखाडी किंवा गडद निळा हे पर्याय या गाड्यांना चांगले शोभतात. रंगासोबत लष्करी क्रमांक, तुकड्यांची चिन्हे आणि पाट्याही काढाव्यात. हे केवळ दंड टाळण्यासाठी नाही. रस्त्यावरच्या पोलिसाला आणि नागरिकाला समोरची गाडी लष्कराची आहे की खासगी, हे एका नजरेत कळणे सुरक्षेसाठी आवश्यक आहे. नव्या रंगाची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात असावी.

७. ट्रक पन्नास वर्षांपेक्षा जुना आहे. त्याला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळेल का?

ट्रकला नाही. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी ही पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकींना आणि खासगी वापराच्या प्रवासी चारचाकींना मिळते. मालवाहू ट्रक त्या व्याख्येत बसत नाहीत. जुनी लष्करी जीप मात्र बसू शकते, जर तिची चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसेल. या नोंदणीत क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, मुदत १० वर्षांची असते आणि गाडी नेहमीच्या वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्याला दर रविवारी येऊरच्या पायथ्यापर्यंत चक्कर मारायची आहे, त्याच्यासाठी ही नोंदणी योग्य नाही.

८. पंधरा वर्षे उलटलेला ट्रक सरकार जबरदस्तीने मोडीत काढते का?

खासगी मालकीच्या ट्रकचे वय झाले म्हणून तो आपोआप मोडीत जात नाही. दिल्ली परिसरातील १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध त्या परिसरापुरते आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेला, पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण नाकारणारा नियम सरकारी मालकीच्या वाहनांचा आहे. तुमच्या ट्रकला मात्र आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस चाचणी द्यावी लागते, जुन्या गाड्यांसाठी तिचे शुल्क बरेच जास्त आहे आणि महाराष्ट्रात मालवाहू वाहनांना आठ वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो. उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही बसवावी लागते. गाडीचे भवितव्य वयापेक्षा ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि धूर यांवर ठरते.

९. माझ्याकडे मोटारीचे लायसन्स आहे. तेवढ्यावर ट्रक चालवता येईल का?

ते नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेल्या एकूण वजनावर, म्हणजे मालासह परवानगी असलेल्या वजनावर अवलंबून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निकालानुसार हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते. ७,५०० ते १२,००० किलो हे मध्यम आणि त्यावरील अवजड मालवाहू वाहन होय. स्टॅलियनसारख्या ट्रकला त्यामुळे वरच्या वर्गाचेच लायसन्स लागते. त्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जुने असावे लागते, आणि प्रशिक्षण शाळेचे व वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. ट्रक रिकामा चालवत असलात तरी लायसन्सचा वर्ग बदलत नाही.

१०. ट्रक केवळ हौसेसाठी आहे, भाड्याने देणार नाही. तरी परमिट लागते का?

ट्रकची रचना माल वाहण्यासाठी आहे, म्हणून तो कायद्याने परिवहन वाहनच ठरतो; स्वतःचा माल वाहणाऱ्यालाही परमिट लागते. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू वाहनांना कलम ६६ मधून सूट आहे, परंतु लष्करी ट्रक सहसा त्या मर्यादेत बसत नाहीत. मागचा हौदा काढून त्यावर राहण्याची खोली बांधणे हा वाहनातील बदल आहे आणि कलम ५२ खाली तो मनाला येईल तसा करता येत नाही.

११. आमच्या मंडळाला गणपती विसर्जनासाठी हा ट्रक हवा आहे. मागे कार्यकर्ते बसले तर चालेल का?

मूर्ती नेण्यास हरकत नाही. माणसे बसवू नयेत. मालवाहू वाहनाच्या विम्यात हौद्यात फुकट बसलेल्या प्रवाशांना संरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक वर्षांपूर्वीच स्पष्ट केले आहे. लष्करी ट्रकचा हौदा जमिनीपासून उंच असतो, बाजूच्या बाकांना आधार कमी असतो आणि गर्दीत हळू चालणाऱ्या ट्रकच्या मागच्या चाकाजवळ काय आहे हे चालकाला दिसत नाही. मासुंदा तलावाकडे जाणाऱ्या गर्दीत असा ट्रक न्यायचाच असेल, तर दोन्ही बाजूंना दोरी धरून चालणारी जबाबदार माणसे ठेवावीत आणि चालकाने मिरवणूक संपेपर्यंत खाली उतरू नये.

१२. चालवताना नेहमीच्या ट्रकपेक्षा काय वेगळे असते?

सर्वांत मोठा फरक पुढच्या ॲक्सलचा. अनेक लष्करी ट्रकांत पुढची चाके वेगळ्या लिव्हरने जोडली जातात. कोरड्या डांबरावर ती जोडून वळण घेतले, तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, तो ताण शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो आणि शेवटी एखादा जॉइंट तुटतो. पुढचा ॲक्सल फक्त चिखल, वाळू किंवा ओल्या कच्च्या रस्त्यावर जोडावा.

जुन्या गिअरबॉक्समध्ये खालचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबून मध्ये ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा उतार असो की मुंब्रा बायपासचा, चढताना जो गिअर लागला असता तोच उतरताना सुरुवातीपासून ठेवावा. मधेच गिअर सुटला तर पुन्हा बसत नाही आणि सारा भार ब्रेकवर येतो. हवेचे ब्रेक असतील तर काटा पूर्ण दाबावर येईपर्यंत गाडी जागची हलवू नये. आम्हाला कोणी विचारले की आधी इंजिन करू की ब्रेक, तर उत्तर नेहमी ब्रेक असेच असते. बंद पडलेले इंजिन गाडी अंगणात ठेवते, नादुरुस्त ब्रेक तसे करत नाही.

१३. खाडीजवळ राहतो. पावसाळ्यात गंज कसा आवरावा?

कळवा, ऐरोली, वाशी या खाडीकाठच्या भागांत हवेत ओल आणि खार दोन्ही असतात. वरचा पत्रा सहसा टिकतो. गंज धरतो तो चेसिसच्या दुहेरी पट्ट्यांमध्ये, स्प्रिंगच्या पाट्यांच्या पानांमध्ये आणि हौद्याच्या आडव्या कैच्यांवर, जिथे चिखल अडकून राहतो. मे महिन्यात हे भाग धुऊन, पूर्ण वाळवून गंजरोधक लावावे. हवेचे ब्रेक असतील तर त्यांच्या हवेच्या टाक्यांत साचलेले पाणी पावसाळ्यात रोज सोडावे. गाडी साचलेल्या पाण्यातून गेली असेल, तर हलका ब्रेक दाबत थोडे अंतर जाऊन ड्रम कोरडे करावेत आणि डिफरन्शिअलचे (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचे) तेल दुधाळ झाले आहे का ते पाहावे.

१४. गाडीत २४ व्होल्ट आहेत. त्यातून १२ व्होल्टचे दिवे चालवता येतील का?

दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्टची तार काढण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्याने ती बॅटरी सतत अपुरी आणि दुसरी अती चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवावा. मागच्या डिफरन्शिअलच्या पांढऱ्या गोळ्यावर प्रकाश टाकणारा छोटा दिवा हा रात्रीच्या ताफ्यात मागच्या चालकाला दिसण्यासाठी असतो. तो ठेवण्यास हरकत नाही, मात्र तो टेललाइटची जागा घेऊ शकत नाही.

१५. ट्रेलरला वेगळी नोंदणी आणि वेगळा विमा लागतो का?

होय. कलम ६१ नुसार ट्रेलरची नोंदणी इतर वाहनांप्रमाणेच होते आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या मागे लावावा लागतो. न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांचा मागचा भाग पुढच्या वाहनावर टेकलेला असतो. तो कायद्याने सेमी-ट्रेलर आहे. लष्करातील पाण्याचे किंवा जनरेटरचे दोन चाकी ट्रेलर मात्र साध्या ट्रेलरमध्ये मोडतात. ट्रेलर जोडणार असल्याचे विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी.

वागळे इस्टेट किंवा तुर्भ्यात वेल्डिंगवाल्याकडून ट्रेलर बांधून घेऊ का, असेही विचारले जाते. मंजूर आराखड्याची प्रत जोडल्याशिवाय ट्रेलरची नोंदणी होत नाही, म्हणून असा ट्रेलर आवाराबाहेर आणता येत नाही.

१६. लष्करी हुकाला ट्रेलर जोडताना काय तपासावे?

लष्करी ट्रकच्या मागे जबड्यासारखा उघडणारा हूक असतो आणि ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला जाड लोखंडी कडी. प्रथम कडीची आतली बाजू बोटाने चाचपावी. झीज होऊन तेथे धार आली असेल तर कडी बदलावी, तिच्यावर वेल्डिंगचा थर चढवू नये. हुकाचा जबडा बंद करून खिट्टी पूर्ण खाली बसली आहे आणि तिची पिन आरपार गेली आहे याची खात्री करावी. त्यानंतर दोन्ही साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे कडी निसटली तरी दांडा साखळ्यांच्या झोळीत अडकतो आणि रस्त्यात रुतत नाही.

भार असा ठेवावा की एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर येईल. मागे जास्त भार गेला तर ट्रेलर डोलू लागतो. असे झाल्यास ब्रेक जोरात दाबू नये. ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरावे. ट्रेलर सोडण्यापूर्वी त्याच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी लावावी.

१७. स्टॅलियनची क्षमता साडेसात टन सांगतात, तर मी ट्रक आणि ट्रेलर मिळून किती माल नेऊ शकतो?

लष्करात स्टॅलियनची क्षमता खडतर प्रदेशात ५ टन आणि रस्त्यावर ७.५ टन अशी धरली जाते, पण नागरी रस्त्यावर या आकड्यांना कायदेशीर अर्थ नाही. ट्रकच्या आणि ट्रेलरच्या नोंदणी प्रमाणपत्रांवर जे वजन लिहिले आहे तेच अंतिम. जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तेथेच उतरवावा लागतो.

१८. नोंदणी न झालेला बंद ट्रक लिलावाच्या जागेवरून ठाण्यात कसा आणावा? दोरीने ओढत आणला तर चालेल का?

बिघडलेले वाहन ओढण्याची मुभा ही रस्त्यात अडलेल्या गाडीला जवळच्या दुरुस्तीच्या जागी नेण्यासाठी आहे. तेव्हाही दोन गाड्यांमधील अंतर ५ मीटरच्या आत असावे, दोरी किंवा दांडा स्पष्ट दिसावा, वेग अगदी कमी असावा आणि मागे ‘ऑन टो’ची पाटी लावावी. शेकडो किलोमीटरच्या प्रवासासाठी हा मार्ग नाही. ट्रक कमी उंचीच्या लो-बेड वाहनावर चढवून, विक्रीचे मूळ कागद सोबत देऊन आणावा. चढवण्यापूर्वी वरून ताडपत्रीची कमान काढावी, कारण तिच्यासह एकूण उंची पुलाखालून जाण्याइतकी राहत नाही.

शहरात अवजड वाहनांना दिवसाच्या ठरावीक वेळांत बंदी असते आणि घोडबंदर रस्त्यावरील वेळा वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेने वारंवार बदलतात. पाम बीच रस्त्यावर तर अवजड वाहने नेताच येत नाहीत. कल्याणफाटा–शिळफाटा–महापे या मार्गाने रात्री येणे सोयीचे. लो-बेड येण्यापूर्वी उतरवण्याची जागा, उतार लावण्यासाठी पक्की जमीन आणि ट्रक मागे खेचायला दुसरी गाडी तयार ठेवावी. चेसिस क्रमांकाचा छाप ट्रक उतरवताना, उजेड असतानाच घेऊन ठेवावा आणि तो जुळला तरच वाहतूकदाराच्या पोचपावतीवर सही करावी.